कॉलिंगच्या रिचार्जला ठरावीकच फोन लागतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी मोबाईलच्या अडचणी सोडवायला बसतो. येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची तक्रार एकच असते: "दुकानात सांगितलं, या पॅकला हा फोन चालत नाही, नवा घ्या." कधी ते खरे असते, बऱ्याचदा नसते. गेल्या वर्षी माझ्या मावशीला अशाच एका दुकानातून साडेनऊ हजारांचा टच फोन दिला गेला. तिचा बटणाचा फोन धडधाकट होता, हवे होते फक्त दुसऱ्या कंपनीचे सिम. त्यानंतर मी लोकांचे प्रश्न वहीत उतरवून ठेवू लागलो. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे दिले आहेत. रिचार्जच्या किमती बदलत राहतात, म्हणून जिथे रक्कम लिहिली आहे तिथे ती कधीची तेही लिहिले आहे.

१. रिचार्ज आणि फोन यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का?

साध्या प्रीपेड रिचार्जचा फोनशी संबंध नसतो. रिचार्ज होतो तो नंबरवर, म्हणजे सिमवर. ते सिम आज या फोनमध्ये आणि उद्या त्या फोनमध्ये घातले तरी वैधता तीच आणि मिनिटेही तीच.

संबंध असतो तो फोन आणि नेटवर्क यांचा. कंपनीचा टॉवर ज्या पद्धतीने बोलतो ती पद्धत तुमच्या फोनला कळली पाहिजे. ती कळत नसेल तर कितीही महागडा रिचार्ज मारा, कॉल लागणार नाही. दुकानात "पॅक चालत नाही" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा "नेटवर्क चालत नाही" असे म्हणायचे असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या वाक्यावर उपाय नवा फोन वाटतो आणि दुसऱ्यावर अनेकदा नुसते सिम बदलून भागते.

खरोखरच फोनला बांधलेले पॅकही आहेत, पण मोजके. त्यांच्यासाठी प्रश्न ८ पाहा.

२. मग "त्या सिमला तोच फोन लागतो" असं सगळे का म्हणतात?

कारण एके काळी ते खरे होते. २००३ मध्ये रिलायन्सने 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून मोबाईल दिला. ते सीडीएमए तंत्रज्ञान होते. त्या सुरुवातीच्या फोनमध्ये सिम नसायचेच, नंबर फोनमध्येच भरलेला असायचा. फोन बदलायचा म्हणजे कंपनीच्या दुकानात जायचे. गावोगावी अनेकांच्या हाती आलेला पहिला मोबाईल हाच, त्यामुळे "कंपनीचा फोन, कंपनीचा नंबर" हे डोक्यात पक्के बसले.

पुढे २०१६ मध्ये जिओ आले. ५ सप्टेंबरच्या जाहीर सुरुवातीआधी त्यांची चाचणीची सवलत आधी 'लाइफ' या त्यांच्याच फोनबरोबर मिळत होती, मग इतर ४जी फोनना खुली झाली. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला आणि तो तर खरोखरच जिओच्या सिमपुरता बंद होता. म्हणजे लोकांचा समज हवेतून आलेला नाही. फक्त ती अट एखाद्या योजनेची होती, सगळ्या मोबाईल व्यवहाराची नव्हे.

३. माझ्याकडे जुना बटणाचा फोन आहे. कोणाचं सिम चालेल?

फोन २जी असेल तर एअरटेल, व्ही (म्हणजे व्होडाफोन आयडिया) किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याची तुमच्या भागात रेंज आहे ते चालेल. या तिघांचे २जी नेटवर्क हे लिहिताना चालू आहे. जिओ चालणार नाही. जिओने २जी आणि ३जी कधी उभारलेच नाही, त्यांची सुरुवातच ४जीपासून झाली.

सिम घेण्याआधी दोन बारीक गोष्टी पाहा. जुन्या फोनची सिमची खाच मोठी असते आणि आजचे सिम नखाएवढे. नवे सिम ज्या कार्डातून मोडून काढतात ते कार्ड फेकू नका, त्यातली मोठी चौकट त्या खाचेत बसते. आणि फोन बरीच वर्षे कपाटात पडून असेल तर बॅटरी फुगली आहे का ते पाहा. फुगलेली बॅटरी चार्जला लावू नका, बदलून घ्या.

४. फोन ४जी आहे, इंटरनेट छान चालतं, तरी जिओवर कॉल का लागत नाही?

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळा रस्ता असतो. तुम्ही कॉल केला की दोन फोनमध्ये त्या वेळेपुरती एक वाट राखून ठेवली जाते. ४जी बनवताना हा रस्ता ठेवलाच नाही. तिथे सगळे काही इंटरनेटसारखे छोट्या छोट्या तुकड्यांत जाते. मग त्यावरून बोलायचे कसे? त्यासाठी फोनमध्ये आणि नेटवर्कमध्ये वेगळी सोय लागते. तिचे नाव व्होल्टी.

एअरटेल किंवा व्हीच्या ४जी फोनमध्ये व्होल्टी नसेल तरी अडत नाही. कॉल आला की फोन गुपचूप खाली उतरतो, जुन्या रस्त्याने बोलतो आणि संपल्यावर पुन्हा ४जीवर चढतो. बोलता बोलता इंटरनेट बंद पडते ते याचमुळे. जिओकडे खाली उतरायला जुना रस्ताच नाही. म्हणून तिथे व्होल्टी नसलेल्या ४जी फोनवर व्हिडिओ धडाधड चालतात आणि कॉल मात्र जात नाही.

सुरुवातीच्या वर्षांत जिओने अशा फोनसाठी वेगळे कॉलिंग ॲप दिले होते. आज मात्र फोनमध्येच व्होल्टी असलेले बरे. वयस्कर माणसाला ॲप उघडून कॉल करायला लावणे मला मुळीच पटत नाही. रात्री-अपरात्री घाईच्या वेळी तेच आठवत नाही.

५. माझ्या फोनमध्ये व्होल्टी आहे हे ओळखायचं कसं?

खात्रीचा उपाय एकच: शेजाऱ्याचे किंवा मुलाचे चालू जिओ सिम पाच मिनिटे तुमच्या फोनमध्ये घाला आणि कॉल लावून पाहा. लागला, आवाज दोन्हीकडून आला, की विषय संपला.

सिम मिळत नसेल तर सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा. तिथे 'व्होल्टी' किंवा '४जी कॉलिंग' नावाचे बटण असते. ते बंद असेल तर चालू करा. नेटवर्क मोड चुकून फक्त २जी किंवा ३जीवर ठेवलेला नाही ना, तेही पाहा. नातवंडांनी खेळता खेळता तो बदललेला मी तीन-चारदा पाहिला आहे. बऱ्याच फोनवर वरच्या पट्टीत व्होल्टीचे चिन्ह दिसते, पण ते दिसले नाही म्हणून व्होल्टी नाहीच असे धरू नका. काही फोन ते दाखवतच नाहीत.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. नोकियाचा ११० हा बटणाचा फोन त्याच क्रमांकाने २जीमध्येही आला आणि ४जीमध्येही. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकावर जिओ चालते आणि दुसऱ्यावर नाही. नावापुढे ४जी लिहिले आहे का ते वाचूनच पैसे द्या.

६. फक्त कॉलिंगचा, डेटा नसलेला रिचार्ज स्मार्टफोनवर करता येतो का? दुकानदार म्हणतो तो साध्या फोनवाल्यांसाठी आहे.

करता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, नियमात दुरुस्ती करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा विशेष रिचार्जची कमाल वैधता ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यामागे प्रामुख्याने इंटरनेट न वापरणारे वयस्कर आणि दुसरे सिम बाळगणारे लोक होते. पण नियम माणसाच्या गरजेसाठी आहे, हातातल्या फोनसाठी नाही.

जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले तेव्हा एअरटेलचा ८४ दिवसांचा पॅक ४६९ रुपयांना आणि वर्षाचा १८४९ रुपयांना होता. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १७४८ रुपयांना. आजचा दर कंपनीच्या ॲपवर पाहून घ्या. हे पॅक यादीत कधी कधी खाली किंवा वेगळ्या गटात असतात, त्यामुळे दुकानात "असा पॅकच नाही" असे ऐकू आले तर ॲपवर स्वतः शोधा.

घरी वाय-फाय असेल तर या रिचार्जवर स्मार्टफोनमध्ये व्हॉट्सॲप, यूट्यूब सगळे घरच्या वाय-फायवर चालते. आमच्या संघातल्या निम्म्या मंडळींना एवढेच पुरते.

७. पॅकमध्ये डेटा नाही, मग जिओवर ४जीमधून कॉल जाणार कसा?

जाईल. व्होल्टीचा कॉल तुमच्या डेटाच्या कोट्यातून कापला जात नाही, कंपनी तो कॉल म्हणूनच धरते. मोबाईल डेटाचे बटण बंद ठेवले तरी कॉल येतो आणि जातो. बंद करू नका ते प्रश्न ५ मधले व्होल्टीचे बटण. ही दोन बटणे वेगळी आहेत आणि त्यांच्या घोटाळ्यात अनेकांचे फोन दिवसभर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" राहतात.

८. जिओभारत फोनचा स्वस्त पॅक मी माझ्या नेहमीच्या फोनवर मारू शकतो का?

नाही. फोनला बांधलेले पॅक म्हणतात ते हेच. जिओभारत हा जिओचा बटणाचा ४जी फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला आणि त्याबरोबर १२३ रुपयांत २८ दिवस अमर्याद कॉल आणि १४ जीबी डेटा देणारा पॅक आला. तो स्वस्त आहे कारण तो त्याच फोनवर वापरायचा आहे. जिओफोनच्या पॅकचेही तसेच. असा पॅक असलेले सिम काढून स्मार्टफोनमध्ये घातले तर सेवा चालत नाही.

उलट बाजूही सांगतो. जिओफोन आणि जिओभारत या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. घराजवळ जिओची रेंज उत्तम असेल आणि आई-वडिलांना कॉल आणि थोडेफार यूपीआय एवढेच हवे असेल, तर हिशेबाने हा फोन चांगला आहे. पण कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जिथे एका वाडीत एकाच कंपनीचा टॉवर लागतो, तिथे आधी रेंज पाहा आणि मगच घ्या. फोन घेतल्यावर सिम बदलायची वाट बंद झालेली असते.

९. पोर्ट करायचं आहे, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे. आधी काय तपासू?

फोन. पोर्टिंगला फोनची कोणतीही अट नाही आणि कंपनी तुमचा फोन पाहतही नाही. त्यामुळेच गंमत नव्हे तर त्रास होतो: नंबर सुरळीत जिओवर जातो आणि मग कळते की फोन २जी आहे. आधी प्रश्न ५ मधली शेजाऱ्याच्या सिमची चाचणी करा. मगच 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून, आपला दहा अंकी नंबर लिहा आणि १९०० वर एसएमएस पाठवा. येणारा कोड महाराष्ट्रात आणि गोव्यात चार दिवस चालतो.

सिम हरवले किंवा खराब झाले म्हणून नुकतेच बदलून घेतले असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे आणि तो नंबरची चोरी रोखण्यासाठी आहे.

१०. दोन सिमचा फोन आहे. एका खाचेत जिओ चालतं, दुसरीत नाही. सिम खराब आहे का?

बहुधा नाही. २०१५ ते २०१७ च्या सुमारास आलेल्या अनेक फोनमध्ये एकच खाच ४जीची असायची आणि दुसरी फक्त २जीची. जिओ ४जीच्या खाचेत घाला आणि एअरटेल किंवा व्हीचे सिम दुसरीत. काही फोनमध्ये खाच न बदलता सेटिंगमध्ये 'डेटासाठीचे सिम' बदलले की ४जी त्या बाजूला सरकते. दोन्ही जिओ हवी असतील तर मात्र दोन्ही खाचांत व्होल्टी चालणारा फोनच लागतो.

११. शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये कोणतं सिम आणि कोणता रिचार्ज?

हा प्रश्न मला खूप जवळचा आहे. रात्री बारा वाजता लाइट येते आणि त्या वेळी अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्यापेक्षा घरून कॉल करून मोटार चालू करता येणे ही मोठी गोष्ट आहे. त्या डब्यातला मोबाईलचा भाग जुन्या मॉडेलमध्ये सहसा २जीचा असतो. त्यात जिओ चालणार नाही. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल यांपैकी विहिरीपाशी ज्याची रेंज येते ते घाला. घरापाशी नव्हे, विहिरीपाशी.

रिचार्ज प्रश्न ६ मधला फक्त कॉलिंगचाच घ्या, डब्याला डेटाची गरज नाही. वैधता संपल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण डब्यातल्या सिमवर येणारे आठवणीचे एसएमएस कोणी वाचत नाही. पीक सुकायला लागल्यावर रिचार्ज संपल्याचे कळते. नवा स्टार्टर घेणार असाल तर ४जी आणि व्होल्टी चालणारा मागा.

१२. घरात टेबलावर ठेवायचा वॉकी फोन आहे, लँडलाइनसारखा. त्यात सिम चालेल का?

टाटा इंडिकॉमचा किंवा रिलायन्सचा जुना सीडीएमए वॉकी असेल तर नाही, ती नेटवर्केच बंद झाली. सिम घालायची खाच असलेला साधा जीएसएम टेबल फोन असेल तर त्याला प्रश्न ३ चे उत्तर जसेच्या तसे लागू आहे.

१३. ५जी आलं, आता कॉलसाठीही ५जी फोन घ्यावा लागेल का?

नाही. ५जी ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पण तुमचा ४जी फोन पूर्वीसारखाच कॉल करतो. ५जी फोन घेतला तरी सिम बदलावे लागत नाही, जिओ आणि एअरटेलचे ४जी सिम ५जीवर चालते. सिमच ३जीच्या काळातले असेल तर ते ४जीवरही चढत नाही. ते कंपनीच्या दुकानात बदलून घ्या, नंबर तोच राहतो.

१४. घरात रेंजच नाही, वाय-फाय मात्र आहे. वाय-फाय कॉलिंगला वेगळा पॅक लागतो का?

पॅक वेगळा लागत नाही, फोन मात्र लागतो. ही सोय फोन कंपनीने त्या मोबाईल कंपनीसाठी चालू केलेली असावी लागते. एअरटेलने ती डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' दिसत नसेल तर फोनचे सॉफ्टवेअर अपडेट करून पुन्हा पाहा. जाड भिंतींच्या वाड्यात किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे.

१५. मुलीने अमेरिकेतून आयफोन आणलाय. इथलं सिम चालेल?

दोन गोष्टी पाहा. तिथे फोन हप्त्यावर कंपनीकडून घेतला असेल तर तो त्या कंपनीला कुलूपबंद असू शकतो. सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. तिथे 'कॅरियर लॉक'पुढे कोणतेही बंधन नाही असे लिहिलेले हवे. दुसरे, आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनना सिमची खाचच नाही, तिथे ई-सिमच लागते, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारे सिम. जिओ, एअरटेल आणि व्ही तिन्ही ई-सिम देतात, नंबर तोच राहतो आणि रिचार्जही नेहमीचाच.

१६. आम्ही मुलाकडे परदेशी चाललोय. इथला फोन तिथल्या सिमवर चालेल?

इथे मात्र "ठरावीक फोन लागतो" हे बरेचसे खरे आहे. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला ३जी बंद केले आणि ती कंपनी आपल्या यादीतल्या मॉडेलनाच चालू देते. भारतात घेतलेला, व्होल्टी असलेला चांगला फोनही त्या यादीत नसेल तर अडतो. व्हेरायझनचे ३जी २०२२ च्या अखेरीस बंद झाले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतले. तिथे तातडीच्या ००० या क्रमांकावर कॉल करू न शकणारे फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत असा नियम आहे. आपल्याकडून नेलेला फोन एरवी कॉल करत असला तरी एवढ्या कारणाने बंद होऊ शकतो.

निघण्याआधी *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि मुलाला तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो तपासायला सांगा. इथला बटणाचा २जी फोन या दोन्ही देशांत नेण्यात अर्थ नाही.

१७. जुना फोन विकत घेतला, सिम घातलं, पण कोणत्याच कंपनीचं नेटवर्क येत नाही.

तो चोरीचा म्हणून बंद केलेला असू शकतो. मे २०२३ पासून देशभर हरवलेले फोन आयएमईआयवरून बंद करण्याची सोय आहे. खरेदीच्या आधी, पैसे देण्यापूर्वी, केवायएम ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून, पंधरा अंकी आयएमईआय लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोनची माहिती उत्तरात येते. मॉडेल जुळत नसेल किंवा फोन बंद केलेला दाखवत असेल तर तो घेऊ नका.

१८. २जी बंद होणार, आत्ताच फोन बदला, असं सांगतात. बदलू का?

चालू असलेला फोन त्या भीतीने बदलू नका. एअरटेलने २०२० मध्ये ३जी बंद केले तेव्हाही २जी ठेवले, कारण बटणाच्या फोनवाले कोट्यवधी ग्राहक त्यावर आहेत. २जी बंद करावे अशी मागणी जिओने ट्रायकडे केली आहे, म्हणून ही चर्चा अधूनमधून उठते. पण मागणी म्हणजे निर्णय नव्हे.

फोन मोडला आणि नवा घ्यायचीच वेळ आली, तर बटणाचाच पण ४जी आणि व्होल्टी असलेला, कोणत्याही कंपनीला न बांधलेला घ्या. दुकानातच आपले सिम घालून एक कॉल लावा, मग खिशातले जिओचे किंवा सोबतच्या माणसाचे दुसरे सिम घालून आणखी एक. दोन्ही लागले की बिल मागा. मावशीसाठी शेवटी तसाच फोन आणला. टच फोन आता तिच्या नातीकडे आहे.